चौथ्या सीटवरचं निदान

बदलापूर-अंबरनाथ-उल्हासनगरकरांसाठी फुकट मनोविकार तपासणी सुरू झाली आहे. पत्ता : सकाळची सीएसएमटी लोकल. डॉक्टर नाही, मोबाइल आपापला. ‘तुम्हाला एडीएचडी (लक्ष न टिकण्याचा, अतिचंचलतेचा विकार) आहे का?’ अशी चाचणी कुणीतरी ग्रुपवर टाकतो आणि कल्याण यायच्या आत अख्खा डबा पेशंट होतो.

प्रश्नावली तशी अस्सल. जागतिक आरोग्य संघटनेची, 2005 सालची, 18 प्रश्नांची. पहिले 6 चाळणीचे. त्यांत चार खुणा गडद चौकटीत पडल्या तर डॉक्टरांना भेटा, एवढंच तिचं म्हणणं. ती आमच्या लाइनवर बेतलेली नाही, हा तिचा दोष नव्हे.

‘बराच वेळ बसलं की हातपाय चुळबुळतात का?’ चौथ्या सीटवर अर्धं बूड टेकलेल्याने काय सांगावं? ‘अंगात मोटर बसवल्यासारखं होतं का?’ मुंबईला जायचं म्हणून आधी उलटं बदलापूर गाठणाऱ्या अंबरनाथकराला विचारा. (बदलापूरकरांना विचारू नका. ‘डाऊन’ करून येणाऱ्यांबद्दल त्यांची उत्तरं छापता येत नाहीत.) ‘अवघड भाग उरकल्यावर शेवटची किरकोळ कामं रेंगाळतात का?’ इथे तर पालिकांनीच अंगठा उठवावा : रस्ता काँक्रीटचा, गटाराचं झाकण पुढच्या निविदेत. रेल्वेही मागे नाही. कल्याण-बदलापूर तिसरी-चौथी मार्गिका 2019 मध्ये मंजूर झाली. आम्ही अजून दोनच मार्गांवर लोंबकळतोय.

तर सहापैकी पाच मिळवलेले बाबा संध्याकाळी खुशीत घरी येतात. टेबलावर पोराची वही, त्यात लाल शाईत : ‘लक्ष नसते. जागेवर बसत नाही. पालकांनी भेटावे.’ बाबांना असतो तो एडीएचडी. पोराला असतो तो माज. त्याला एक धपाटा आणि जास्तीचा क्लास. मागच्या बाकावर गप्प बसून खिडकीबाहेर हरवणाऱ्या पोरीच्या वहीत तर शेराही नसतो, कारण ती कुणाला त्रास देत नाही.

डॉक्टर चाचणीतल्या गुणांवर थांबत नाहीत. बाराव्या वर्षाआधीपासून हे होतं का, घरी आणि शाळेत किंवा कामावर दोन्हीकडे होतं का, त्याने खरंच काही अडतंय का, हे विचारतात. मोठ्यांकडे कधी जुनं प्रगतिपुस्तकही मागतात. तेव्हा बाबा, माळ्यावरचं तुमचं प्रगतिपुस्तक काढा आणि पोराची ती वहीही सोबत घ्या. कुठे जायचं हे कळत नसेल तर सरकारची टेली-मानस सेवा आहे : 14416. फोन फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलतात.