भुशाचा हिशेब

आमच्या रिठदात आकडा टाकणारे बरेच आहेत. ते तारेवर टाकतात. गुरुजी तेवढे कागदावर टाकतात. जन्मभर गणित शिकवलं. नोकरीला लागले अकोला जिल्ह्यात, निवृत्त झाले वाशीम जिल्ह्यात, आणि मधल्या काळात शाळा काही जागची हलली नाही. १ जुलै १९९८ ला जिल्हाच हलला. "पाया पक्का असला की आपल्याला हलावं लागत नाही," असं ते त्यावर सांगतात. याचा अर्थ मला अजून लागलेला नाही.

निवृत्तीनंतर त्यांनी सुतारकीचा नाद धरला. बैलजोडी विकून गोठा मोकळा झाला होता, तिथे करवतीचं टेबल आलं, रंध्याचं मशीन आलं, सँडर आला. पहिल्याच आठवड्यात त्यांनी एक पाट केला. त्या पाटाची भुकटी गोठ्यातून ओसरीवर, ओसरीवरून देवघरात, आणि शेवटी काकूंनी वाळत घातलेल्या कुरडयांवर गेली. काकू काही बोलल्या नाहीत. त्यांनी त्याच कुरडया तळून गुरुजींना वाढल्या. तेव्हाच ठरलं : आधी भुसा ओढणारी यंत्रणा, मग लाकडाला हात. या गोष्टीला यंदा तीन वर्षं होतील. पाट तेवढा एकच आहे.

गुरुजींची भीती खोटी नाही, हे सांगितलं पाहिजे. डोळ्यांना दिसतो तो भुसा गरीब. खाली पडतो, झाडूने जातो. भानगड असते ती दहा मायक्रॉनच्या आतल्या भुकटीची. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉनचा, त्यावरून अंदाज करावा. ही भुकटी मशीन बंद झाल्यावरही तासन्‌तास हवेत तरंगते आणि थेट छातीत उतरते. १९९५ साली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाची भुकटी कर्करोगकारक ठरवली. गुरुजी हे पारावर सांगतात तेव्हा समोरचा हातातला खर्रा घोटत घोटत "अरे बापरे!" म्हणतो.

खरी रंगत पाईपाच्या हिशेबात आहे. पाईप आणि मोटर या विषयात आमच्या गावात अडाणी कोणी नाही. विहिरीत डोकावून "पाचची मोटर लागते" असं सांगणारी माणसं घराघरात. मोटर बांधणाऱ्या मिस्त्रीने सरळ विचारलं, "गुरुजी, पाण्याले चढ असते. हवेले कोनता चढ हाय?"

गुरुजींना तेवढंच हवं होतं. भुसा पाईपात तरंगत राहायचा तर हवेला मिनिटाला ४००० फूट वेग पाहिजे. चार इंची पाईपातून त्या वेगाने साधारण ३५० घनफूट हवा जाते, सहा इंचीतून ७८५. पाईप दीडपट, हवा सव्वादोनपट.

"मंग सहाचाच टाका ना," मिस्त्री म्हणाला.

"अन् पंखा लहान निघाला तर? तीच ३५० घनफूट हवा सहा इंचीत सोडली की वेग अठराशेच्याही खाली. भुसा वाटेतच बसते, नाल्यात गाळ बसते तसा!"

मिस्त्रीने खर्रा थुंकला. हा त्याच्याकडून मिळणारा मोठा मान.

मग एल्बोचं प्रकरण. काटकोनातलं एक वळण म्हणजे कित्येक फूट जादा पाईप टाकल्यासारखा अडथळा. म्हणून गुरुजींनी वळणं कमी करायला मशीनच सरकवली. करवतीचं टेबल चार वेळा हललं. आता एकही एल्बो लागत नाही, पण टेबलाचं तोंड भिंतीला असं भिडलंय की सहा फुटी फळी त्यावरून जाऊ शकत नाही. पाट तेवढा जातो.

पंखाही अजून आलेला नाही. खोक्यावर छापलेला हवेचा आकडा पाईप न जोडता, पिशवी न लावता मोजलेला असतो, हे त्यांना कळलं आणि त्यांचा माणसांवरचा विश्वास उडाला. "सोयरिकीत पोराचा पगार सांगतात, तसा आकडा आहे हा," ते म्हणाले. मी मान हलवली. आमच्या घरातही तसा एक आकडा सांगितला गेला होता.

ड्रम मात्र आला, दोनशे लिटरचा. त्याच्यावर पत्र्याचं नरसाळं बसणार : हवा आत गरगरणार, जड भुसा कडेला घासत ड्रममध्ये पडणार, बारीक भुकटी पुढे फिल्टरला. मिस्त्रीने मन लावून ऐकलं. "म्हंजे उपननंच म्हना," तो म्हणाला. "हडंबा कुटार बाहेर फेकते, हे आत ओढते." तीन वर्षांच्या वहीचा असा दोन वाक्यांत निकाल लागला, त्याचं गुरुजींना वाईट वाटलं.

गेल्या महिन्यात काकूंनी भुशाची शेगडी काढली. डब्यात मधोमध बाटली उभी धरायची, भोवती भुसा ठासायचा, बाटली अलगद ओढून घ्यायची आणि खालून पेटवायचं. दोन पाट्या भुसा लागतो. घरी तेवढा निघेना, म्हणून त्यांनी आरागिरणीतून विकत आणला. गुरुजींना हे लागलं. त्यांनी वही मिटली, गोठ्यात गेले आणि ड्रमचं झाकण उघडलं. आत काठोकाठ तूर.

"रिकामा होता, म्हनून भरली," काकू चुलीजवळून म्हणाल्या. "तुमचा भुसा निंघाला का सांगजा, काढून देईन."