गळतीला पट विचारतो कोण?

दहावीचा निकाल लागला की कोकण पहिलं. यात आता बातमीही उरलेली नाही. पेपरवाल्यांनी गेल्या वर्षीचा मथळा काढून टक्के तेवढे बदलले तरी भागतं. २०२४ ला ९९.०१, २०२५ ला ९८.८२, आणि त्या वर्षी राज्याची सरासरी ९४.१०. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग अशा दोनच जिल्ह्यांचं हे मंडळ. २०१२ च्या पहिल्या निकालापासून दहावीचा पहिला नंबर त्यांनी कुणाला दिलेला नाही.

कौतुक झालं, पेढे वाटून झाले. पण प्रत्येक निकालानंतर मंत्रालयात कुणीतरी हिशेबी माणूस मनात म्हणत असणार, की एवढ्या गळक्या शाळांतून एवढा निकाल येतो, तर पैसे द्यायचेत कशाला?

या माणसाला पुस्तकी आधारही मिळतो, हे वाईट. अमेरिकेत १९६६ साली कोलमन नावाच्या समाजशास्त्रज्ञाचा जाडजूड अहवाल आला. शाळेवरच्या खर्चापेक्षा घरची परिस्थिती मुलाचं शिक्षण जास्त ठरवते, असा त्याचा सूर होता. पुढे कॅन्सस सिटीत कोर्टाच्या हुकमाने शाळांवर दोनेक अब्ज डॉलर ओतले गेले. ऑलिंपिकच्या मापाचा पोहण्याचा तलावसुद्धा झाला. मार्क होते तिथेच राहिले. मालवणजवळच्या आमच्या देवबागच्या पोरांना दोन्ही बाजूंनी फुकटचं पाणी आहे, एकीकडे समुद्र आणि दुसरीकडे कर्ली नदी. तलावाने गणित सुधारत नाही हे त्यांनी न विचारता सांगितलं असतं.

हिशेबी माणूस इथे पुस्तक मिटतो. पुढचं पान वाचत नाही. २०१६ साली जॅक्सन, जॉन्सन आणि पर्सिको या तिघांनी त्याच अमेरिकेतली, शाळेतून बाहेर पडून पोटापाण्याला लागलेली मुलं तपासली. बारा वर्षं दर मुलामागे दहा टक्के जास्त खर्च झाला, तर पुढे त्याची कमाई सुमारे सात टक्के जास्त. गरिबाघरच्या मुलांना फायदा त्याहून अधिक. पैसा उपयोगी पडतो, पण बारा वर्षांनी. निवडणूक दर पाच वर्षांनी असते.

तेव्हा कोकणचा निकाल नीट वाचा. २०२५ ला दहावी पास झालेलं पोर पहिलीत बसलं २०१५ च्या सुमारास. ते ९८.८२ टक्के ही तेव्हाच्या गुरुजींची आणि बाईंची कमाई. आज ज्या वाडीतल्या पहिलीच्या वर्गात शिक्षक नाही, तिचा निकाल दहा वर्षांनी लागेल. तेव्हा आजचे सगळे निर्णयकर्ते माजी झालेले असतील.

आणि पैशाशिवाय निकाल आला हे तरी कुणी सांगितलं? पैसा लागलाच. फक्त तो सगळा सरकारचा नव्हता. मालवणचं टोपीवाला हायस्कूल ज्यांच्या नावाने उभं आहे, ते अनंत शिवाजी देसाई मुंबईत टोप्यांच्या धंद्यात मोठे झाले. गिरणीत राबणाऱ्या चाकरमान्याकडे टोपीवाल्यांचा पैसा नव्हता, पण त्याचं मुंबईत ग्रामस्थ मंडळ होतं. गावच्या शाळेला वर्गखोली, बाकं, कपाट, चतुर्थीला आलं की पोरांना वह्या, हे सगळं वर्गणीतून. आणि पोराच्या फीसाठी मनीऑर्डर. आजही शिक्षण खात्याच्या कागदांत ‘लोकसहभाग’ आणि ‘शैक्षणिक उठाव’ असे भारदस्त रकाने असतात. किती जमवलं ते आकड्यात भरायचं. ज्या गुरुजीला जमवता येत नाही त्याच्याकडे केंद्रप्रमुख असं बघतात, जणू त्याने शाळेची घंटा विकली.

आता सरकारचं देणं. समग्र शिक्षामधून शाळेला वर्षाचं संयुक्त अनुदान मिळतं ते पटावर. तीसपर्यंत पट असेल तर १० हजार, शंभरपर्यंत २५ हजार, असं चढत जातं. त्यातले किमान दहा टक्के स्वच्छतेवर. उरलेल्या ९ हजारांत खडू, रजिस्टरं, दुरुस्ती, वीजबिल आणि जे काय असेल ते. वर पुन्हा किरकोळ खर्चासाठीचा सादिल कधी येतो, किती येतो, हा मुख्याध्यापकांच्या गप्पांतला कायमचा विषय.

पुण्या-मुंबईत हे गणित कदाचित बसतही असेल. सिंधुदुर्गात गाव म्हणजे बारा वाड्या, वाडी म्हणजे डोंगराच्या कुशीतली दहा-पंधरा घरं. शाळा वाडीची, त्यामुळे पट आठ, अकरा, चौदा. पण कौलं आठ मुलांसाठी कमी गळत नाहीत. जूनमध्ये झोडपायला लागलेला पाऊस ‘पट किती?’ असं विचारत नाही. वासा कुजला तर तो पूर्ण बदलावा लागतो, आठ मुलांपुरता बदलता येत नाही. खर्च शाळेगणिक आणि अनुदान डोकीगणिक! हा घोळ ज्याच्या लक्षात येत नाही त्याने एकदा पावसाळ्यात बादली घेऊन वर्गात बसावं.

खात्याने यावर उपाय काढला, शाळाच कमी करा. वीसच्या आत पट असलेल्या शाळा एकत्र करून ‘समूह शाळा’ करायचा बेत २०२३ मध्ये निघाला. अशा शाळा राज्यभरात चौदा हजारांवर. मुलांना गाडीने नेऊ म्हणाले. ज्या वाटेने एसटी जायला कुरकुरते, पावसात व्हाळ आला की माणूस अडकतो, तिथे सहा वर्षांच्या पोराला गाडी!

मग पैसे गेले तरी कुठे? दोन वर्षांचे नमुने घ्या. पुस्तकांत कोरी पानं घालायची, २०२३. नको, काढायची, २०२५. एक राज्य एक गणवेश, २०२४. पोरांचे गणवेश वेळेवर आले नाहीत, आले ते मापात नव्हते. डिसेंबरात निर्णय मागे. आठवड्याला एक अंडं, नोव्हेंबर २०२३. अंड्याला वेगळा निधी नाही, जानेवारी २०२५. शाळा सुंदर करण्याची स्पर्धा, राज्यात पहिलीला ५१ लाख. म्हणजे आधीच सुंदर असलेल्या शाळेला आणखी ५१ लाख, आणि गळकीला शुभेच्छा. यातले बरेचसे निर्णय झाले तेव्हा शालेय शिक्षणमंत्री सावंतवाडीचे आमदार दीपक केसरकर होते. घरचाच मंत्री! तरीही २०२३ च्या आंतरजिल्हा बदल्यांत शेकडो शिक्षक सिंधुदुर्गातून एकदम कार्यमुक्त झाले, आणि जिल्ह्यातल्या कित्येक शाळा एका रात्रीत शून्यशिक्षकी झाल्या. बदली मागणाऱ्याला दोष देत नाही, माणसाला आपल्या मुलखात जावंसं वाटणारच. जागा भरायची व्यवस्था आधी करायला काय झालं होतं? आमचेच डीएड झालेले तरुण जिल्ह्याच्या मुख्यालयी, ओरोसला उपोषणाला बसत होते, त्यांना तरी विचारायचं.

त्यावर तोडगा काय निघाला, तर निवृत्त गुरुजींना परत बोलवा, महिना २० हजारांवर, वय सत्तरपर्यंत. नंतर २०२४ मध्ये कमी पटाच्या शाळांत १५ हजारांवर कंत्राटी शिक्षक. शिक्षण हक्क कायदा म्हणतो साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक. इथे दुसरा शिक्षक कंत्राटाने आला, आणि पहिला ‘कामगिरीवर’ दुसऱ्या शाळेत गेला. जो उरतो तो काय करतो पाहायचं असेल तर कुठल्याही वाडीत अकरा वाजता जा. चार इयत्ता एका खोलीत. चौथीची मुलगी पहिलीच्या पोरांकडून बाराखडी म्हणून घेतेय आणि बाई बाहेर पायरीच्या टोकाला हात वर करून उभ्या आहेत. नमस्कार नव्हे, रेंज शोधतायत. आजच्या खिचडीचा आकडा अ‍ॅपवर दुपारच्या आत गेला पाहिजे.

खिचडीवरून आठवलं. प्राथमिकच्या मुलामागे रोजचा आहारखर्च मे २०२५ मध्ये ६ रुपये ७८ पैसे ठरला, तांदूळ वेगळा. मालवणच्या कुठल्याही खानावळीत एवढ्या पैशांत सोलकढीची वाटी दाखवा, पुढचा लेख तुमच्या नावाने छापतो.

आता उलट बाजू, नाहीतर म्हणाल हा नुसता हात पसरतोय. नुसता पैसा ओतून दर्जा येत नाही, हे मालवणकरांना शिकवायला नको. राजकोट किल्ल्यावर डिसेंबर २०२३ मध्ये उभारलेला शिवरायांचा पुतळा ऑगस्ट २०२४ मध्ये कोसळला, ते सगळ्या देशाने पाहिलं. नागपुरात बोगस शिक्षकांच्या नावाने ‘शालार्थ’ या पगाराच्या प्रणालीतून पगार निघत होते. तिथे पैसा होता, शिक्षकच नव्हता. आमच्याकडे पोरं आहेत, इमारत आहे, भिंतीवर रंगवलेला जलचक्राचा तक्ताही आहे. एका आज्याने तो बघून विचारलं होतं, “ह्या सगळा बरा, पण मास्तर खंय आसा?” खात्याच्या कुठल्याच अहवालात या प्रश्नाला रकाना नाही.

म्हणून ‘पैशाने दर्जा ठरतो का’ हा वाद मला फसवा वाटतो. पैशाने रंग येतो, टॅब येतात, उद्घाटनं होतात. दर्जा ठरतो तो वर्गात रोज उभ्या राहणाऱ्या माणसामुळे. पण तो माणूस फुकट येत नाही. त्याला पूर्ण पगार, कायमची नेमणूक आणि शिकवायला मोकळा वेळ द्यावा लागतो, आणि बजेटात सगळ्यात महाग बाब तीच आहे. म्हणूनच काटकसरीची पहिली कात्री तिथे लागते. कोठारी आयोगाने १९६६ साली राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के शिक्षणावर खर्च करा म्हटलं. २०२० च्या धोरणाने तेच पुन्हा म्हटलं. दोन्ही वेळा सगळ्यांनी माना डोलावल्या. सहा टक्के आजवर एकदाही झालेले नाहीत.

तेव्हा पुढच्या ग्रामसभेला रस्ता आणि नळपाणी झालं की उठून जाऊ नका. शाळेला शिक्षक किती मंजूर, किती हजर आणि अनुदानाचे किती हातात आले, हे विचारा आणि उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या. मुंबईच्या ग्रामस्थ मंडळालाही एक विनंती. यंदा चतुर्थीला वह्या जरूर वाटा, पण त्यातली एक घेऊन तीत हे तीन आकडे लिहा आणि ओरोसला पाठवा.