लाल दिव्याची गाडी

नोकरीत असताना लाल दिव्याची गाडी आमच्या ह्यांच्या नशिबात नव्हती. बँकेच्या शाखाधिकाऱ्याला कोण दिवा देतो? पुढे २०१७ च्या मे महिन्यात मंत्र्यांच्याही गाड्यांवरचे दिवे उतरले, तेव्हा ह्यांना मनातून बरंच वाटलं असावं. पण २०२४ च्या दसऱ्याला सकाळी आमच्या सोसायटीच्या फाटकाशी जी गाडी येऊन उभी राहिली, तिला लाल दिवा होता. फक्त टपावर नव्हता, आत होता. ओट्याच्या वर चार बारीक दिव्यांची ओळ: तीन हिरवे, शेवटचा लाल. लाल पेटला की टाकीतलं पाणी संपलं.

गाडी म्हणजे अख्खं घर होतं. भाच्याने इंटरनेटवर शोधून सहा दिवसांसाठी भाड्याने ठरवून दिली होती. जाहिरातीच्या फोटोत एक गोरं, पांढऱ्या केसांचं जोडपं गाडीसमोर खुर्च्या टाकून समुद्राकडे बघत बसलं होतं, हातात उंच पेले. "अगं, सेकंड हनिमून समज," हे म्हणाले. पहिला १९८३ साली महाबळेश्वरला झाला तेव्हा बरोबर ह्यांची आत्या होती. ह्या वेळी ड्रायव्हर होता.

ड्रायव्हर गाडीबरोबरच आला. पोरगा पंचविशीतला, गेवराईकडचा. काका-काकू म्हणून वाकून पाया पडला आणि लगेच गाडीच्या पूजेला लागला. हळद-कुंकवाचं स्वस्तिक, चाकाखाली लिंबू आणि पुढच्या काचेखाली झेंडूचा दोन हात लांब हार. आपट्याची पानं आरशाला अडकवली. "समुद्र बघितलायस का रे?" मी विचारलं. "पिच्चरमधी," तो म्हणाला.

मी बत्तीस वर्षं भूगोल शिकवला. महाराष्ट्राचा किनारा ७२० किलोमीटर, सावित्रीची बाणकोटची खाडी, वाशिष्ठीची दाभोळची, शास्त्रीची जयगडची. क्रम चुकला की मी मार्क कापायचे. स्वतः मात्र ह्यातली एकही खाडी ओलांडली नव्हती. कोकणात गेलो की मुंबई-गोवा महामार्गाने जायचं, फाट्याला वळून एखाद्या देवाला नमस्कार करायचा आणि तसंच परतायचं. काठाकाठाने रेवस ते रेडी जाणारा सागरी महामार्ग म्हणजे बॅरिस्टर अंतुल्यांचं स्वप्न. हे स्वप्न दर खाडीशी थांबतं. पूल असला तर ठीक, नसला तर गाडी बोटीत घालायची.

ताम्हिणीत ह्यांनी मला मोबाइलवरून शासनाचं २०२१ चं कॅरॅव्हॅन पर्यटन धोरण वाचून दाखवलं. वाहन उभं करायला जागा, पाणी, वीज, सांडपाण्याची सोय, सगळं त्यात होतं. ऐकूनच ह्यांना अंघोळीची हुक्की आली. हरिहरेश्वरला पोचल्यावर, ओटा आणि पलंग यांच्यामध्ये टेलिफोन बूथएवढी जी न्हाणी होती, तिच्यात शिरून हे गात गात बारा मिनिटं शॉवरखाली उभे राहिले. बाहेर आले तेव्हा दोन हिरवे दिवे गेले होते.

ड्रायव्हर त्या दिव्यांकडे बघतच राहिला. ऐंशी लिटरची टाकी. "काका," तो शेवटी म्हणाला, "आमच्याकडं येवढ्यात लगीन उरकतंय." दुसऱ्या दिवसापासून अंघोळीचा कारभार त्याने हातात घेतला. माणशी अर्धी बादली. तो स्वतः दीड तांब्यात न्हाऊन निघायचा, आणि खाली वाहिलेल्या पाण्यात पायपुसणं धुवायचा.

राहायच्या जागेबद्दल काय सांगू. पुण्याच्या तीन खोल्यांत आमचा संसार सुखाचा झाला, कारण ह्यांचा टीव्ही एका टोकाला आणि माझी बाल्कनी दुसऱ्या टोकाला. इथे चालायची वाट दीड फुटाची. घाटात समोरून एसटी आली की उतरणाऱ्या गाडीने जसं मागे सरून कडेला लागायचं, तसं आम्ही एकमेकांना वाट देत होतो. चढणाऱ्याचा हक्क पहिला. म्हणजे पलंगावर चढणाऱ्याचा. ह्यावर पहिल्याच रात्री वाद झाला, आणि रुसून जायला जागा नसल्यामुळे तो तिथेच मिटवावा लागला. एकेचाळीस वर्षांत एवढ्या लवकर मिटलेलं आमचं हे पहिलंच भांडण.

बागमांडल्याहून वेसवीला जाताना पहिली बोट. तिकिटाच्या खिडकीवर कार, जीप, टेम्पो, बस, ट्रक असे प्रकार. घर नव्हतं. तिकीटवाल्याने उठून आत डोकावलं. मी भेंडी चिरत होते. "बस धरू या," तो म्हणाला. "पण पॅसेंजर दोनच?" ड्रायव्हरने गाडी उलटी बोटीत घातली ती मात्र झकास. पण बोट हलली आणि त्याने सवयीने ब्रेक दाबला. रायगड जिल्हा मागे जाऊन रत्नागिरी जिल्हा येईपर्यंत त्याने पाय काढला नाही. मी खाली उतरून कठड्याशी उभी राहिले. सावित्री अशी शांत, रुंद, दोन्ही काठांना हिरवे डोंगर. मनातल्या मनात जुन्या विद्यार्थ्यांचे कापलेले मार्क परत करून टाकले.

खरी गंमत पुढे केळशीच्या वाटेवर सुरू झाली. भातं पिवळी झाली होती, कुठे कापणी चालू होती, आणि दुपारी ऊन असं की डांबर मऊ व्हावं. एका वळणावर चिऱ्याच्या गडग्यांमध्ये आमची गाडी अडकली. वरून फणसाची फांदी, बाजूला विजेची तार. माणसं जमली. पांढरी उंच गाडी, पुढे झेंडूचा हार, खिडकीत खादीच्या शर्टातले पांढऱ्या केसांचे हे. निवडणुका आज-उद्या लागणार हे सगळ्यांना ठाऊक होतं.

"रथ कुठल्या पक्षाचा?" एका म्हाताऱ्याने विचारलं.

"छे, छे, आम्ही सहज फिरायला—"

"सगळे सहजच येतात," तो म्हणाला. "आमच्या पाखाडीचं काय झालं ते सांगा आधी. चाळीस मतं आहेत वाडीत."

हे शांतपणे हसून पुढे निघाले असते तर प्रश्न नव्हता. पण तक्रार आली की नोंद करायची, ही ह्यांची पस्तीस वर्षांची सवय. खिशातून वही काढली आणि लिहिलं. पाखाडी दुरुस्ती. चाळीस मतं. मग एका बाईने माकडांचं सांगितलं. शहाळी फोडतात, कौलं काढतात, परसातलं एक पडवळ ठेवत नाहीत. ते लिहिलं. दुपारची एसटी येत नाही, ते लिहिलं. आंजर्ल्यापर्यंत दोन पानं भरली. हार काढून टाका म्हटलं तर ड्रायव्हर ऐकेना, दसऱ्याचा हार आपणहून सुकून पडायला हवा म्हणे. ज्यांना आम्ही प्रचाररथ वाटलो नाही, त्यांना डोळे तपासणीची गाडी वाटलो. हर्णैच्या बंदरावर एक कोळीण टोपली खाली ठेवून रांग धरायला आली होती. तिला चहा पाजून परत पाठवली.

आता पेटीचं सांगायला हवं. गाडीत संडास होता आणि त्याच्या खाली एक पेटी होती, निळं औषध घातलेली. दोन-तीन दिवसांनी ती ओढून काढायची आणि रिकामी करून आणायची. कुठे, ते गाडीबरोबरच्या पुस्तिकेत लिहिलं होतं: ठरवून दिलेल्या जागी. दापोलीजवळच्या मुरुडला आम्ही एका नारळ-सुपारीच्या आगराशी गाडी लावली आणि हे ती पेटी हातात घेऊन, बँकेची रोकड नेत असल्यासारखे ताठ चालत, समोरच्या घरी गेले. ओटीवर एक आजी पोफळं सोलत बसल्या होत्या.

"जरा तुमचं शौचालय वापरायचं होतं," हे म्हणाले.

"वापरा की. पण सामान कशाला घेऊन जाताय आत?"

मग मी पुढे होऊन खुलासा केला. आजींनी पेटीकडे पाहिलं, ह्यांच्याकडे पाहिलं. "म्हणजे घरी दोन-दोन संडास असतील," त्या म्हणाल्या, "ते सोडून हे मेलं बरोबर घेऊन हिंडता?" ह्या प्रश्नाला अजून आमच्याकडे उत्तर नाही. पेटी रिकामी झाली. आजींनी विहिरीचं पाणी भरून घ्या म्हटलं, आणि गाडीत निजायचं नाही अशी सक्त ताकीद दिली. सहा दिवसांचं भाडं भरलेली ती गाडी त्या रात्री अंगणात उभी राहिली आणि आम्ही ओटीवर झोपलो. समुद्राच्या गाजेने ड्रायव्हरला झोप येईना. "काकू, ह्यो रातीचा बी गपत न्हाई का?" त्याने अंधारात विचारलं. ओटीवरून ह्यांची पाठ दुखली, म्हणून सकाळी मी त्यांना आठवण करून दिली की ह्याच मुरुडहून धोंडो केशव कर्वे परीक्षेला साताऱ्यापर्यंत चालत गेले होते, आणि तिथे लहान दिसतो म्हणून त्यांना बसूच दिलं नाही. "मग पाठीचं काय केलं त्यांनी?" हे म्हणाले.

दाभोळहून धोपाव्याला बोटीने उतरलो ती तारीख १५ ऑक्टोबर. त्या दुपारी निवडणूक जाहीर झाली, २० नोव्हेंबरला मतदान, आचारसंहिता लागू. आम्ही गुहागरात उकडीचे मोदक खात होतो, आम्हाला काय त्याचं.

दुसऱ्या दिवशी वेळणेश्वरच्या रस्त्याला भरारी पथक उभं होतं. पोलीस, एक साहेब, आणि खांद्यावर कॅमेरा घेतलेला पोरगा. गाडी बघून तिघांच्याही चेहऱ्यावर उजेड पडला. हार सुकला होता, पण पडला नव्हता.

"रोकड किती?" साहेबांनी विचारलं. पन्नास हजारांच्या वर असली तर कागद दाखवावे लागतात. ह्यांनी पाकीट उघडून नोटा मोजल्या, आणि आपणहून पाचशेच्या किती, शंभराच्या किती अशी चिठ्ठीही लिहून दिली. साहेब खूश झाले. तेवढ्यात त्यांना टेबलावरची वही दिसली. त्यांनी मोठ्याने वाचलं: "वाडी. पाखाडी दुरुस्ती. चाळीस मतं."

कॅमेरा वर आला.

"ते मी नुसतं नोंदवून घेतलं," हे म्हणाले.

"कोणासाठी?"

"कोणासाठी नाही. सवय आहे."

साहेबांनी पोलिसाकडे पाहिलं. कपाटं उघडली. चिवडा, इसबगोल, गुडघ्याचे पट्टे. पलंगाखाली पाहिलं. मग खालचं दार उघडून त्यांनी पेटी बाहेर ओढली. जड होती.

"ह्यात काय?"

"ती उघडू नका," हे घाईने म्हणाले.

"का?"

"वैयक्तिक आहे."

"अहो, सरळ सांगा ना," मी म्हटलं. पण ह्यांना शब्दच सुचेना. परक्या माणसासमोर तो शब्द ह्यांनी आयुष्यात उच्चारलेला नाही. घाम पुसत हे म्हणाले, "म्हणजे... आमची दोघांची दोन दिवसांची शिल्लक आहे ती."

शिल्लक! साहेबांनी कॅमेऱ्याला जवळ यायची खूण केली आणि झाकण फिरवलं.

पुढचं अर्धं मिनिट कोणीच काही बोललं नाही. कॅमेऱ्याचा पोरगा माडापर्यंत मागे गेला आणि तिथेच उभा राहिला. साहेबांनी झाकण लावलं, दोनदा तपासलं. मग नोंदवही मागवली आणि आमच्या गाडीचा नंबर घालून पुढे लिहिलं: आक्षेपार्ह काही आढळून आले नाही. ह्यांनी वाचून पाहिलं आणि तारीख राहिली आहे हे दाखवून दिलं.

त्या रात्री कोजागिरी. वेळणेश्वरच्या किनाऱ्याशी, देवळापलीकडे गाडी लावली. ह्यांनी जाहिरातीतल्यासारख्या दोन खुर्च्या समुद्राकडे तोंड करून मांडल्या आणि चंद्राची वाट बघत बसले. किनारा पश्चिमेला आहे हे मला ठाऊक होतं, पण इतक्या दिवसांनी ह्यांना गप्प बसलेलं पाहून मी बोलले नाही. अर्ध्या तासाने आमच्या सावल्या वाळूवर आमच्यापुढे पडल्या. हे दचकून वळले. चंद्र माडांच्या शेंड्यांमधून कधीच वर आला होता. खुर्च्या फिरवल्या. आता समोर चंद्र आणि आमची गाडी, समुद्र पाठीला.

मी दूध आटवायला ठेवलं. केशर, वेलची, चारोळी. पातेलं विसळायला नळ सोडला आणि लाल दिवा पेटला. समोर अरबी समुद्र आणि आत थेंब नाही. मी हाक मारली तसा ड्रायव्हर काही न बोलता पुढच्या सीटखाली हात घालून एकेक करत पाच-पाच लिटरचे चार कॅन काढून ओट्याखाली ठेवायला लागला. मुरुडला आजींच्या विहिरीवर भरून ठेवले होते. "टँकरच्या गावचा माणूस हाय काकू," तो म्हणाला. "मोकळं भांडं दिसलं की हात ऱ्हात न्हाई."

दूध पिऊन झाल्यावर तो चपला हातात घेऊन पहिल्यांदाच पाण्यापाशी गेला. घोटे भिजतील इतकाच. तिथून त्याने आईला व्हिडिओ कॉल लावला आणि फोन समुद्राकडे धरला. लाटांच्या आवाजात तिचं बोलणं आम्हाला वरपर्यंत ऐकू येत होतं.

"लई पाणी हाय की रं," ती म्हणाली. "गोडं हाय का?"

"न्हाई. खारं हाय."

"मग कशाला दाखवायलास?"