जंगल, मुक्काम गिरगाव

मराठी मध्यमवर्गाने सुट्टीची किंमत किलोमीटरमध्ये मोजायला कधी सुरुवात केली कोण जाणे, पण आता तो हिशेब पक्का झाला आहे. लोणावळा म्हणजे काठावर पास, महाबळेश्वर म्हणजे दुसरा वर्ग, मनाली म्हणजे विशेष प्रावीण्य. डिसेंबरचा शेवटचा आठवडा घरीच काढणारं कुटुंब सरळ नापास. जानेवारीत कोणी "मग, कुठे जाऊन आलात?" असं विचारलं, की ते कुटुंब मुलांच्या सर्दीचं कारण पुढे करतं. माझं म्हणणं असं, की हा हिशेब मुळातच उलटा आहे. सुट्टीचा आठवडा अंतराने भरत नाही, उद्योगाने भरतो. ज्या घरात सात दिवस पुरेल एवढं निरुपयोगी काम आहे, त्या घराला कुठे जावं लागत नाही. आणि ज्या घरात ते नाही, त्याला मनालीतही संध्याकाळी सहानंतर काय करायचं हे कळत नाही. 'निरुपयोगी' मी जाणूनबुजून म्हणतो आहे. उपयोगी काम काढलं की सुट्टी तिथेच संपते. माळा आवरायला काढला की मुलं शाळा सुरू होण्याची वाट पाहू लागतात. याला पुरावा म्हणून मी गिरगावातली खोताची वाडी पुढे ठेवतो.

ही वाडी मुळात खोत आडनावाच्या पाठारे प्रभूंची. एकोणिसाव्या शतकात इथले जमिनीचे तुकडे ईस्ट इंडियन, म्हणजे इथल्याच ख्रिस्ती कुटुंबांनी घेतले आणि त्यांवर लाकडी घरं उभी राहिली: कठड्याचे सज्जे, बाहेरच्या अंगाने चढणारे जिने आणि थेट गल्लीला टेकलेले ओटे. गल्ली इतकी चिंचोळी, की मोटारीने आत शिरायचा विचार मोटारवाल्याच्याही मनात येऊ नये. मला या रचनेत सुट्टीचं सगळं शास्त्र दिसतं. ओटा धड घरात नाही आणि धड रस्त्यावरही नाही, त्यामुळे ओट्यावर चाललेलं काम येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसतं. मुंबईत फुकट सल्ला देणारे पुष्कळ. पण ओट्याच्या उंचीमुळे सल्ला देणारा आपोआप टेकतो, आणि टेकलेल्या माणसाच्या हातात पिठाचा गोळा देणं अजिबात अवघड नसतं.

पिठाचा गोळा म्हणजे नाताळच्या कलकलांचा. मैदा, अंडं, नारळाचं दूध, वरून साखर. पदार्थात गूढ काही नाही. गूढ आहे ते त्याच्या आकारात. सुपारीएवढी गोळी काट्याच्या पाठीवर दाबायची आणि शिंपल्यासारखी गुंडाळायची. काटे कमी पडले की बाजारातून नवा कोरा कंगवा आणतात आणि त्याच्या दात्यांवर हेच करतात. कंगवा नवा आहे याची खात्री पाहुण्यांना वारंवार द्यावी लागते, हा त्या पाककृतीचाच एक टप्पा समजावा. आता शुद्ध व्यवहाराने पाहिलं तर हे काम मूर्खपणाचं आहे. तोच मैदा शंकरपाळ्यासारखा कातला तर अर्ध्या तासात मोकळं होता येतं. पण मोकळं होऊन करायचं काय? एका घराला लागणारे कलकल वळायला सात-आठ माणसांना अख्खी दुपार लागते, आणि एवढी माणसं एकाच टेबलाभोवती दुपारभर बसवणं कोणत्याही हिल स्टेशनला जमलेलं नाही. शिवाय हात पिठात असल्यामुळे मोबाइल कोणालाच उचलता येत नाही. नेमकी हीच सोय काही रिसॉर्टवाले पैसे घेऊन देतात.

पहिला आक्षेप ठरलेला: मुलांना निसर्ग नको का? परदेशी पुस्तकांत हिवाळ्याच्या सुट्टीत कुटुंब रानात जातं, पाईनची बोंडं वेचतं, फांद्या आणून दाराला हार करतं. आपल्याकडचं रान म्हणजे बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान. ते मोठं आहे, सुमारे १०४ चौरस किलोमीटर; त्यात कान्हेरीची लेणी आहेत, बिबटे आहेत. जरूर जावं. पण तिथे रानातला उद्योग करता येत नाही. राष्ट्रीय उद्यानातून काडीही उचलायची नाही असा कायदा आहे आणि तो योग्यच आहे. तेव्हा चर्नी रोडहून स्लो लोकलने सुमारे तासभर प्रवास करायचा, रांग लावायची, आणि जंगलाकडे हात मागे बांधून बघून परत यायचं. मूल विचारतं, "आता काय करायचं?" याचं उत्तर बिबट्याकडेही नसतं.

वाडीतला माणूस जंगल बघत नाही, बांधतो. नाताळच्या गोठ्याची चाल १२२३ साली इटलीतल्या ग्रेच्चो गावी संत फ्रान्सिसने पाडली असं मानतात. त्याच्याकडे खरा बैल आणि खरं गाढव होतं. गिरगावात मात्र दोन्ही प्लॅस्टरचे असतात, आणि जागेच्या टंचाईमुळे मेंढरू बैलापेक्षा थोराड निघतं. गवत म्हणजे फळांच्या पेट्यांतला पेंढा. हिरवळ म्हणजे वखारीतला भुसा, हिरव्या रंगात घोळून वाळवलेला. डोंगर म्हणजे चुरगाळलेला खाकी कागद. बर्फ मेडिकलच्या दुकानातून येतो. दोन आठवड्यांनी तोच कापूस कोणाच्या तरी कानात जातो. नाताळचं झाड म्हणून सुरूची फांदी चालते. सुरूचं झाड मुळात आपल्याकडचं नाही, किनाऱ्यावर वाळू धरून ठेवायला लावलेलं. पण शंभर वर्षं अलिबागला राहिलं की कोणीही स्थानिक होतं. म्हणजे वाडीतल्या मुलाला जंगलासाठी बाजार, वखार आणि औषधाचं दुकान एवढं फिरावं लागतं. पाहायला गेलं तर ही सहलच, फक्त हिच्यात प्रत्येक थांब्यावर कारण असतं. हे ज्याला परकं वाटेल त्याने दिवाळीतला किल्ला आठवावा. खटपट तीच, कुरबुरी त्याच, आणि दरवाज्यापेक्षा उंच मावळाही तसाच. आकाशकंदिलाला पाच टोकं काढली की नाताळचा तारा होतो. कामट्या आणि खळ दोन्हीकडे सारखी.

थंडी नाही, मग हिवाळ्याची सुट्टी कसली, हाही एक आक्षेप आहे. तो फार वेळ घेण्यालायक नाही. सांताक्रूझला २२ जानेवारी १९६२ रोजी पारा ७.४ अंशांपर्यंत उतरला होता. त्या भांडवलावर मुंबईकर अजूनही दर डिसेंबरला स्वेटर बाहेर काढतो. खात्रीची थंडी या शहरात राणीच्या बागेतल्या पेंग्विनांनाच मिळते, तीही यंत्राने.

खरा आक्षेप निराळा आहे, आणि त्याच्यापुढे माझं म्हणणं थोडं डळमळतं. हे सगळं 'निरुपयोगी काम' शेवटी करतं कोण? कलकल वळायला पुरुष बसतात, कारण ते बसून करायचं आहे आणि त्यात गप्पा आहेत. चुलीपुढे उभं राहायची वेळ आली की ओट्यावरची गर्दी विरळ होते. सोरपोतेल आणि विंदालूसारखे मांसाचे पदार्थ, तळायचे गोल फुगे ही कामं आजही बहुधा बाईच्याच वाट्याला येतात, आणि तिला हा आठवडा सुट्टीचा वाटत असेल असं मी म्हणणार नाही. एवढंच म्हणता येईल, की परंपरेने तिच्यासाठी एक पळवाट ठेवली आहे: सोरपोतेल शिळं होईल तसं चवीला चढतं. ते दोन-तीन दिवस आधीच शिजवून रोज गरम करायचं असतं, त्यामुळे सणाच्या दिवशी स्वयंपाकघर मोकळं असू शकतं. पुरणपोळीला ही माणुसकी नाही.

"पण हा त्यांचा सण," असंही कोणी म्हणेल. ईस्ट इंडियनांनी हे इंग्रजी नाव १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या राज्याला पन्नास वर्षं झाली तेव्हा घेतलं. त्यांच्या घरातली बोली मराठीच राहिली. नाताळच्या ताटातली नेवरी आणि दिवाळीची करंजी यांना समोरासमोर बसवलं, तर ओळख करून द्यावी लागत नाही. शेजारी ताट जातं आणि ते रिकामं परत पाठवत नाहीत, या एका नियमावर वाडीचं परराष्ट्र धोरण पिढ्यान्‌पिढ्या चाललं. सरकारनेही हे नकळत मान्य केलं आहे. शाळांना वर्षाला सुट्ट्या मिळतात त्या ७६; मराठी शाळा त्यांतला मोठा वाटा दिवाळीत खर्च करते, कॉन्व्हेंट नाताळसाठी राखून ठेवतं. दोन्ही शाळांतली मुलं एकाच गल्लीत राहत असतील, तर दिवाळीत एकाला आणि नाताळात दुसऱ्याला मदतनीस मिळायची पंचाईत होते, एवढीच या व्यवस्थेतली त्रुटी.

उरला शेवटचा मुद्दा, की हे सगळं संपत आलं आहे. एकेकाळी वाडीत पासष्ट घरं होती, आता तिशीच्या आत आहेत. टॉवरमध्ये तारा बाल्कनीबाहेर टांगायला सोसायटीची परवानगी लागते आणि ओट्याऐवजी लॉबी असते. लॉबीत बसलेल्या माणसाच्या हातात पिठाचा गोळा देऊन पाहा, वॉचमन येतो. गंमत अशी, की घरं कमी झाली तशी वाडी पाहायला येणारे वाढले. किलोमीटरवाले आता इथेच सहलीला येतात, राहत्या घराच्या जिन्यावर बसून फोटो काढतात आणि "किती शांत आहे ना" असं मोठ्याने म्हणतात. मला त्यांचा राग नाही. त्यांना एकच दोष द्यायचा तर ते रिकाम्या हाताने येतात आणि रिकाम्या हातानेच जातात. त्यांनी ३१ डिसेंबरला मुंबईतल्या कुठल्याही ख्रिस्ती वस्तीत जावं. तिथे पोरं जुनी पँट-शर्ट पेंढ्याने भरून सरत्या वर्षाचा म्हातारा करतात आणि डबा वाजवत त्याच्या नावाने पैसे मागतात. गणपतीची वर्गणी काढलेल्या मुलांना यात वेगळं काही शिकावं लागत नाही. मध्यरात्री म्हातारा जाळतात. लाकडी घरांच्या शेजारी जाळपोळ कशाला, असं कोणी म्हटलं तर तो आक्षेप मी बिनशर्त मान्य करतो. म्हणूनच म्हाताऱ्याला मोकळ्या जागी न्यावं लागतं आणि पाण्याच्या बादल्या भरून ठेवाव्या लागतात. आणि त्या बादल्या तिथवर कोणी उचलायच्या, यावरचा वाद बारा वाजेपर्यंत सहज पुरतो.