हल्ली मुक्काम

सॉफ्टवेअरच्या ऑफिसात नाना ओळखायला वेळ लागत नाही. बाकीचे कोड वाचतात, नाना कोडमधल्या कॉमेंट वाचतात. कॉमेंटमध्ये एखादी लिंक दिसली की त्यांचा हात आपसूक माउसकडे जातो. लिंक नीट उघडली तर नाना जरासे हिरमुसतात. नाही उघडली, पांढऱ्या पडद्यावर ‘४०४’ आलं, की खुर्ची मागे सरते, चष्मा कपाळावर चढतो आणि अख्ख्या मजल्याला ऐकू जाईल असा आवाज येतो, “गेली!”

नव्याने लागलेली पोरं पहिला आठवडा दचकतात. कोण गेलं म्हणून हळूच विचारतात. जुने लोक मान वर न करता सांगतात, “काही नाही, लिंक असेल.”

नाना हे एका माणसाचं नाव आहे असं समजू नका. हिंजवडीत असतात, ठाण्यात असतात, कॅलिफोर्नियातही असणार. तिथे त्यांना दुसऱ्या कुठल्या नावाने हाक मारत असतील. पण नाशिकच्या नानांना जो खुराक मिळतो तो इतरांना नाही. कारण इथला कोड अंबड-सातपूरच्या कारखान्यांची बिलं काढतो, लासलगावच्या कांद्याच्या हिशोबपट्ट्या छापतो, कामगारांचे पगार करतो. अशा कोडमध्ये निम्म्या ओळी अशा असतात की त्यांना तर्क नसतो, परिपत्रक असतं. मग लिहिणारा वरती कॉमेंट टाकतो: असं का, ते इथे बघा. खाली लिंक. कॉमेंट म्हणजे माणसाने माणसासाठी ठेवलेली चिठ्ठी. यंत्र ती वाचतच नाही. त्यामुळे तिच्यातला पत्ता चुकला तरी काही अडत नाही, बिलं निघत राहतात. काही अडत नाही याचाच तर नानांना संताप.

जीएसटी आला १ जुलै २०१७ ला. त्या पावसाळ्यात जो तो रात्री जागून कोड लिहीत होता आणि जागोजागी सीबीईसीच्या साइटच्या लिंका पेरत होता. पुढच्याच वर्षी त्या मंडळाचं सीबीआयसी झालं आणि साइटचा पत्ता बदलला. आमच्याकडे मराठीत बिल छापताना ‘पायऱ्या’, ‘कोऱ्या’ यांतला अर्धा र नीट यावा म्हणून एक खटपट केलेली आहे. तिच्यावर केंद्राच्या भाषातंत्रज्ञान विभागाची लिंक होती. ते खातं आधी ‘एमआयटी’च्या पत्त्यावर, मग ‘डेइटी’च्या, आणि २०१६ मध्ये स्वतंत्र मंत्रालय झाल्यापासून ‘मेइटी’च्या. पाटी बदलणाऱ्याला वाटतं आपण पाटीच बदलली. अंबडमधल्या एका बिलावरच्या अर्ध्या ‘र’चा आधार गेला, हे त्याला कोण सांगणार? नाना सांगायला तयार आहेत, पण ईमेल परत येतो.

नानांच्या हाताखालून कोड पास करून घेणं हा सोहळा पाहण्यासारखा असतो. परवा एका नव्या मुलीने बिलाच्या राउंडिंगचा भाग लिहिला होता. वर कॉमेंट: नियमासाठी ही लिंक बघा.

“ही लिंक काय सांगते?” नाना.

“राउंडिंगचा नियम, सर.”

“काय नियम?”

“उघडल्यावर कळेल ना, सर.”

“उघड.”

उघडलं. सरकारी साइटचं पहिलं पान आलं. वर मंत्र्यांचा फोटो, खाली सरकत जाणारी हिंदी पट्टी.

“यात राउंडिंग कुठंय?”

नाना मेलेल्या लिंकेला एकवेळ माफ करतात. जुनं पान काढून टाकून येणाऱ्याला गुपचूप पहिल्या पानावर नेणारी लिंक मात्र त्यांच्या डोक्यात जाते. पंचवटीतलं घर विचारावं आणि रिक्षावाल्याने सीबीएसला उतरवून “हेच नाशिक” म्हणावं, तशातला प्रकार. मग नानांनी उभ्याउभ्या कॉमेंट सांगितली आणि मुलीने लिहून घेतली: सीजीएसटी कायदा २०१७, कलम १७०. कराची रक्कम जवळच्या रुपयात. ५० पैसे किंवा जास्त असतील तर पुढचा रुपया, कमी असतील तर सोडून द्यायचे. पाहिल्याची तारीख. आणि लिंक सगळ्यात शेवटी.

“बाळा, लिंक मरो की राहो, वाचणाऱ्याचं काम अडता कामा नये.”

मुलगी जागेवर जाऊन शेजारणीला म्हणाली, “तीन ओळींच्या कोडला चार ओळींची कॉमेंट!” खरं आहे. नानांच्या हाताखालून गेलेल्या फाइली वाचायला घेतल्या की पोथी उघडल्याचा भास होतो.

तरी नानांना कोणी उघड हसत नाही, त्याला कारण आहे ‘पंचवीस-सव्वीस’. आमच्या कोडमध्ये एक ओळ आहे: राज्याचा कोड २५ आला तर तो २६ धरावा. वर कॉमेंट, ‘दमण, लिंक बघा’. लिंक केव्हाच गतप्राण. एका हुशार मुलाला ही उघडउघड चूक वाटली. पंचवीसचे सव्वीस कसे होतील? त्याने ती ओळ उडवली आणि वर ‘सफाई केली’ असा शेराही मारला. नानांनी अडवलं. दमण-दीव आणि दादरा-नगर हवेली हे दोन केंद्रशासित प्रदेश २६ जानेवारी २०२० ला एक झाले. दमणचा जीएसटीचा २५ आकडा मोडीत निघाला आणि सगळे सव्वीसात आले. इथल्या कारखान्यांची अर्धी खरेदी-विक्री त्या पट्ट्यातली. ओळ उडाली असती तर जुन्या ग्राहकांची बिलं कुठल्या राज्यात गेली असती देव जाणे. दुसऱ्या एखाद्या ऑफिसात याच ओळीचं उलटं झालं असतं: का आहे ते माहीत नाही, काढली तर काय होईल ते माहीत नाही, म्हणून दहा वर्षं तिला कोणी हात लावला नसता. मला विचाराल तर हे दुसरं जास्त भयंकर.

नानांच्या टेबलामागे एक छापील कागद टाचलेला आहे. जपान-ऑस्ट्रेलियाकडच्या संशोधकांनी २०१९ मध्ये कोडच्या कॉमेंटमधल्या तब्बल ९६ लाख लिंकांचा अभ्यास केला. लिंका क्वचितच कोणी बदलतं आणि जवळजवळ दहा टक्के मेलेल्या आहेत, असं त्यांना आढळलं. आकड्याखाली नानांनी लाल पेनाने दोन रेघा मारल्या आहेत. चहाच्या टपरीवर ते अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाची गोष्ट रंगवून सांगतात: तिथल्या निकालपत्रांतल्या जवळपास निम्म्या लिंकांवर मूळ मजकूर सापडेना, असं हार्वर्डच्या मंडळींना दिसलं. एका न्यायमूर्तींनी दिलेला पत्ता तर कोणीतरी विकत घेऊन तिथे त्यांचीच टिंगल लिहून ठेवली. “न्यायमूर्तींची ही गत, तर आपण कोण?” असं म्हणून नाना कटिंगचा शेवटचा घोट घेतात. वेब ज्यांनी काढलं त्या टिम बर्नर्स-ली यांनी १९९८ मध्येच, चांगले पत्ते बदलत नसतात, अशा अर्थाचा लेख लिहिला होता. तो अजून जिथल्या तिथे आहे की नाही, हे नाना दर दिवाळीला उघडून बघतात. अजून आहे.

त्यांचा खरा हंगाम होता २०२५ चा. गूगलने आपल्या आखूड लिंका २५ ऑगस्टला बंद होणार असं वर्षभर आधी जाहीर केलं होतं. गणपती २७ ला. ऑफिस वर्गणी आणि मखराच्या चर्चेत असताना नाना एकेक आखूड लिंक उघडून तिच्या मागचा लांब पत्ता लिहून घेत होते. काम संपत आलं आणि गूगलने ऑगस्टच्या सुरुवातीला सांगितलं, वापरात असलेल्या लिंका चालू राहतील. सगळ्यांना वाटलं नाना चिडतील. नाना म्हणाले, “आज राहतील म्हणालेत.”

मध्यंतरी एका मुलाने नानांना रिकामं करण्यासाठी एक प्रोग्राम लिहिला. दर सोमवारी पहाटे तो सगळ्या लिंका ठोठावायचा आणि मेलेल्यांची यादी पाठवायचा. पहिले दोन सोमवार नाना खरंच उदास होते. तिसऱ्या सोमवारी त्यांनी यादीत नसलेली एक ‘ठणठणीत’ लिंक उघडून सगळ्यांना बोलावलं. एका जुन्या मोफत लायब्ररीचं ते पान, पण पत्त्याची मुदत संपल्यावर तो भलत्यानेच घेतलेला. पडद्यावर ऑनलाइन रमी. यंत्राच्या मते उत्तर आलं म्हणजे लिंक जिवंत. “जिवंत आहे, पण माणूस दुसराच आहे,” नाना म्हणाले, आणि त्या दिवशी मिसळ त्यांच्याकडून होती.

कॉमेंट लिहायची त्यांची सध्याची पद्धत मात्र कुठल्या संशोधनातून आलेली नाही, ती पंचवटीतून आली. एका सहकाऱ्याच्या वडिलांचे विधी रामकुंडावर होते, नाना सोबत गेले होते. उपाध्यांनी आडनाव विचारलं, मूळ गाव विचारलं आणि आतून एक लांबट वही काढून आणली. बोट फिरवत फिरवत पणजोबांपाशी आले. गाव, आडनाव, सोबत कोण होतं, तिथी, खाली सही. पुढच्या पिढीत कोणी मुंबईला गेलं होतं, तर मूळ गाव न खोडता शेजारी लिहिलं होतं: हल्ली मुक्काम परळ. त्याच्या मुलाच्या नावापुढे: हल्ली मुक्काम डोंबिवली. सहकारी डोळे पुसत होता. नाना वहीवर वाकून पाहत होते आणि त्यांनी उपाध्यांना विचारलं, “गुरुजी, याची दुसरी प्रत असते का?”

दुसऱ्या दिवसापासून आमच्या कोडमध्ये मेलेली लिंक पुसली जात नाही. मूळ पत्ता तसाच राहतो, कारण इंटरनेट अर्काइव्हमध्ये शोधायचं तर तोच लागतो. खाली एक ओळ येते: हल्ली मुक्काम, आणि नवा पत्ता. बंगळूरूच्या एका ग्राहकाने आमचा कोड तपासायला घेतला तेव्हा त्याने कळवलं होतं की ‘हल्ली मुक्काम’ नावाची लायब्ररी त्यांच्याकडे बसत नाही, कुठून उतरवायची?

आता नवीन आयकर कायदा आला. २०२५ चा, १ एप्रिल २०२६ पासून लागू. १९६१ चा जुना जाऊन कलमांचे आकडेच बदलले. ज्या ८०सीच्या नावाने पगारदार माणूस दर मार्चमध्ये धावपळ करायचा, ते कलम १२३ झालं. पगाराच्या कोडमध्ये नानांनीच हट्टाने घालायला लावलेली कलमं पसरलेली. राउंडिंगवाली मुलगी मुद्दाम त्यांच्या टेबलापाशी गेली. “सर, लिंका मरतात म्हणून तुम्ही कलमं लिहायला लावलीत. आता कलमंच गेली.”

मजला शांत झाला. नानांनी चष्मा पुसला.

मॅनेजर साहेब तेवढ्यात म्हणाले, “त्यात काय एवढं? शोधा आणि बदला, एका बटणाचं काम.”

“साहेब, मागच्या वर्षांचे हिशोब जुन्याच कायद्याने बघावे लागतील. पुसून कसं चालेल?” नाना उठून उभे राहिले. कितीतरी दिवसांनी त्यांच्या चेहऱ्यावर असं तेज दिसत होतं. “मूळ गाव राहू दे. खाली हल्ली मुक्काम टाका. आणि कोणी मे महिन्यात रजा टाकली असेल, तर माझ्याकडे येऊन बोला.”