गाडीने एअर धरली

रुडॉल्फ डिझेलने आपल्या इंजिनाच्या पेटंटसाठी अर्ज केला १८९२ साली, आणि टेल्कोने टाटा इस्टेट बाजारात आणली १९९२ साली. म्हणजे शंभर वर्षांचा अनुभव गाठीशी घेऊनच ही गाडी आली. तिच्या मागोमाग १९९४ मध्ये सुमो आली. सुमोत अर्धं वऱ्हाड मावतं, म्हणून ती गावोगाव पोचली. इस्टेट मात्र लांबट, साहेबी थाटाची, मागे सामानाला ऐसपैस जागा असलेली. ती नवी घ्यायला भरपूर पैसा लागायचा आणि जुनी घ्यायला व्यवहारज्ञान अजिबात नसावं लागायचं. मी जुनी घेतली.

पुण्याच्या पासिंगची ही वृद्धा निवृत्तीनंतर आमच्या तलवाड्यात आणली, तेव्हा अर्धी गल्ली बघायला लोटली. "गुर्जी, ही पुढून कार अन् मागून टेम्पो कामून हाय?" हा पहिला प्रश्न. दुसऱ्याने गाडीभोवती एक फेरी मारली, टोपी काढली आणि हळूच विचारलं, "कोण गेलं?"

पंधरा वर्षं उलटलेल्या गाडीची नोंदणी पुन्हा करावी लागते. २०२२च्या एप्रिलपासून त्याची फी सहाशेवरून पाच हजारांवर गेली. ती भरताना माझ्या लक्षात आलं, की फी आणि गाडीची किंमत यांत आता फारसं अंतर उरलेलं नाही.

तर या गाडीला सकाळचा आजार जडला. सेल्फ मारला की इंजिन घरघर फिरायचं, पण पेट घ्यायचं नाही. कधी घेतलाच तर फाटकापर्यंत जाऊन विझायचं. एकदा नीट चालू झाली, की मात्र गेवराईला जाऊन परत येईपर्यंत ब्र काढायची नाही.

ज्याचं जे दुकान, तिथे माझ्या गाडीचा आजार सापडू लागला. बॅटरीवाला भाऊ म्हणाला, बॅटरी बसली. नवी घातली. ट्रॅक्टरवाले दाजी म्हणाले, नोझल गेलेत. ट्रॅक्टरला टोचन लावून गाडी नेली, नोझल करून आणले. तिसऱ्याने हीटर प्लग बदलायला लावले. इंजिनातली हवा गार असली, तर सुरुवातीला ती तापवायचं काम हे प्लग करतात. महिना मे होता. मे महिन्यात तलवाड्यात माठातल्या पाण्याखेरीज गार असं काही नसतं, हे मला प्लगचे पैसे मोजून झाल्यावर सुचलं.

मग मी माझ्या दुकानाचा उपाय काढला. उभा जन्म हजेरीपट घेण्यात गेलेला. एक वही आखली. तारीख, वेळ, हवामान, गाडीचं तोंड कुठल्या दिशेला, आणि शेवटी शेरा. शेऱ्यात 'गैरहजर', 'उशिरा हजर', 'प्रगती असमाधानकारक' असं भरत गेलो. बायको म्हणाली, "आता तिच्या पालकांना बोलावून घ्या."

वही भरत आली तसं त्यातून एक सत्य बाहेर पडलं, आणि मला घाम फुटला. आमचं घर उतारावर. वर टेकडीवर त्वरिता देवीचं देऊळ. गाडीचं तोंड देवळाकडे करून रात्री उभी केली, की सकाळी गैरहजर. देवीकडे पाठ केली, की एका सेल्फमध्ये चालू. आमच्या गावात राहून असला निष्कर्ष काढणं बरं नव्हे. बायकोने वही बघितली आणि एवढंच म्हणाली, "हे बाहेर बोलू नका."

पण शेजारच्या वहिनींच्या नजरेतून काय सुटतंय? पहाटे शेतावर जाता जाता त्या फाटकापाशी थांबल्या.

"गुर्जी, तोंड वर असलं की चालू व्हत न्हाई अन् खाली असलं की व्हती. आसंच हाय ना?"

मी वही पाठीमागे लपवली.

"मग तेल रातीतून मागं पळायलंय. आमच्या हिरीवरल्या मोटारीचं आसंच हाय. फुटवाल गळतो, पाईप रिकामा व्हतो. सकाळी बादलीभर पाणी ओतल्याबिगर मोटार पाणी उचलत न्हाई."

"पण वहिनी, एक थेंबसुद्धा खाली पडत नाही. मी खाली वर्तमानपत्र अंथरून पाहिलंय."

"पडंल कामून? तेल भाईर येत न्हाई, हवा आत जायलीय."

मी अवाक् झालो. हे सगळं मला पुस्तकातून ठाऊक होतं. फक्त उपयोगात आणायचं असतं, हे ठाऊक नव्हतं. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा वीसेक पटीने दाबली, की ती पाचशे अंशांच्या वर तापते आणि त्यात फवारलेलं डिझेल आपोआप पेटतं. तो फवारा उडवायला पंपाला डिझेल जबर दाबावं लागतं. द्रव दबत नाही, म्हणून दाब थेट नोझलला पोचतो. नळीत हवा शिरली, की पंप त्या बुडबुड्यालाच दाबत बसतो. बुडबुडा आकसतो, पुन्हा फुगतो, आणि नोझल काही उघडत नाही. टाकी मागे, इंजिन पुढे, मधल्या नळीतून डिझेल ओढून घ्यायचं. त्या नळीला बारीक चीर पडली, की गाडी हवा पिते, आणि चढावर उभी असली तर रात्रीतून डिझेल टाकीकडे घसरतं. हा रुडॉल्फ डिझेल १९१३ साली चालत्या जहाजावरून नाहीसा झाला. का, यावर लोक अजून वाद घालतात. माझ्या मते त्याने त्या सकाळी सेल्फ मारून पाहिला असावा.

टाकीजवळच्या रबरी नळीला वरच्या अंगाने चीर निघाली. नळी आणि दोन क्लिपा यांना जो खर्च आला, त्याहून जास्त मी आजवर मिस्त्र्यांना चहा पाजला होता. राहिलं एअर काढणं. फिल्टरवरचा स्क्रू जरा सैल करायचा, हातपंप दाबत राहायचं, फेस संपून निखळ डिझेल आलं की स्क्रू आवळायचा. 'जरा सैल' म्हणजे किती, यावर माझं आणि स्क्रूचं एकमत झालं नाही. तो हातात आला आणि डिझेल बाहीतून थेट काखेत गेलं. त्या रात्री माझी खाट अंगणात पडली. पण सकाळी गाडी देवीकडे तोंड करून, एका सेल्फमध्ये हजर! शेऱ्यात 'उत्तम' लिहिलं.

त्यानंतर गावात कुणाचंही इंजिन रुसलं, की मी चष्मा पुसत सांगायचो, "एअर धरली असेल." ट्रॅक्टर, पाण्याचं इंजिन, पिठाची गिरणी, सगळ्यांना एकच निदान. गिरणी विजेवर चालते, हे गिरणीवाल्याने फार अदबीने सांगितलं.

मग परवा गाडीने नवीन खोड काढली. बाजारातून आलो, किल्ली बंद केली, हातात काढून घेतली, आणि इंजिन आपलं चालूच. किल्ली खिशात ठेवली, तरी चालूच. माणसं जमली. बॅटरीवाला भाऊ म्हणाला, "गुर्जी, वायर चिकटलीय. डिझेल तोडायच्या वॉलला करंट चालूच राहिलाय." याला सगळीकडे वायरच दिसते, म्हणून मी त्याला बाजूला सारला, पाना मागवला आणि बाही वर करून जाहीर केलं, "काही नाही, एअर धरलीय."

वहिनी बादली घेऊन निघाल्या होत्या. जाता जाता म्हणाल्या, "आवं गुर्जी, एअर धरली असती तर बंद नसती का पडली?"