एका पायात दोन ब्रेक

नीट चालणारी वस्तू दुरुस्त करणारी एक जमात नगरच्या नागापुरात राहते. बिघडलेली वस्तू दुरुस्त करणारे मेकॅनिक मनमाड रोडला हवे तितके आहेत; ते पैसे घेतात आणि गाडी परत देतात. या जमातीचा माणूस पैसे घेत नाही, आणि गाडी कधी परत देईल ते सांगत नाही.

शिफ्ट असेल तेव्हा हा गडी एमआयडीसीत असतो. विजेच्या मोटरी, स्विचगिअर, औषधं असं बरंच काही तिथं तयार होतं आणि मोठ्या कारखान्यांना लागणाऱ्या पिना, बुश, ब्रॅकेटं करून देणारी लहान वर्कशॉपं जागोजागी आहेत. अशाच एका ठिकाणी तो लेथवर उभा राहतो. आठ तास दुसऱ्याच्या ड्रॉइंगबरहुकूम पिना कातायच्या आणि शेवटी कालच्या डिप्लोमावाल्या पोरानं गेज लावून ‘रिजेक्ट’ म्हणायचं. अशा माणसाला घरामागच्या पत्र्याच्या शेडात ड्रॉइंग नसलेलं काहीतरी करावंसं वाटलं तर नवल नाही. शेडात क्वालिटी डिपार्टमेंट नाही. तिथं जे तयार होतं ते सगळं पास.

त्याला वस्ताद म्हणतात. खरं नाव रेशनकार्डावर आणि पगाराच्या स्लिपवर आहे, बाकी कुणाला त्याची गरज पडत नाही. खिशाला टेस्टर, कमरेच्या मागं खोचलेला दहा-अकराचा पाना, हातात वर्कशॉपमधून ‘दोन दिवसांसाठी’ आणलेला आणि आता घरच्यासारखा झालेला व्हर्नियर. चहा प्यायला बसला तरी कपाच्या कानाचं माप घेतो.

या जमातीला नगरची हवा मानवते, त्याला कारणंही आहेत. १९७२ साली रस्त्यावर आलेली लुना नगरच्या किनेटिक इंजिनिअरिंगची. दौंड रोडला संरक्षण खात्याची व्हीआरडीई आहे, तिथं लष्करी गाड्या तपासायचे ट्रॅक आहेत. रणगाड्यांचं संग्रहालयही याच गावात. एवढं सगळं आजूबाजूला असल्यावर माणसाला आपणही थोडे शास्त्रज्ञ आहोत असं वाटू लागतं. वस्ताद व्हीआरडीईचा उल्लेख शेजारच्या घराचा करावा तसा करतो. ‘ते लोक बी हेच करत्यात, फक्त त्यांच्याकडं बजेट आहे.’

त्याची स्वतःची मोटरसायकल आरसी बुकात आरएक्स १०० आहे. प्रत्यक्षात इंजिन तेवढं आरएक्सचं. टाकी राजदूतची, पुढचा शॉकप आणि डिस्क पल्सरची, हँडल बुलेटचं, आणि सीट निंबळकच्या ज्या कारागिरानं शिवली त्याला त्याआधी फक्त ट्रॅक्टरच्या सीटांचा अनुभव होता. चिमटा वस्तादनं स्वतः वेल्डिंग करून दोन इंच लांब केलाय. का केला, असं विचारू नये. विचारलं तर तो सांगतो, आणि सांगायला घेतलं की शेजारच्या घरात जेवणं होऊन भांडी घासून होतात.

या गाडीचे दोन्ही ब्रेक एकत्र जोडायचं खूळ मात्र त्याच्या डोक्यात उगाच शिरलेलं नाही. त्याला आपण सगळे जबाबदार आहोत. आपल्याकडं गाडी शिकवणारा प्रत्येक बाप, काका नि मामा पहिला धडा एकच देतो: पुढचा ब्रेक दाबू नको, तोंडावर पडशील. हा धडा सायकलवर सुरू होतो, लुनावर पक्का होतो आणि बुलेट घेतली तरी सुटत नाही. वस्तादकडं येणाऱ्या जुन्या गाड्यांत पुढच्या ब्रेकची केबल गंजून आतल्या आत चिकटलेली असते आणि मालकाला पत्ता नसतो. मागचा लायनर पार संपलेला, पुढचा शोरूममधून आला तसाच.

अशा गिऱ्हाइकाला वस्ताद शेडाच्या दारात ताठ उभं करतो आणि पाठीत धक्का देतो. माणूस पुढं झुकतो. ‘वजन कुठं गेलं? पुढं. गाडी दाबून थांबवली का तिचं बी वजन पुढंच जातं. मग ब्रेक कुठं पाहिजे?’ हे त्याचं अगदी खरं आहे. ब्रेक लागला की मागचं चाक हलकं पडतं. त्यालाच जोरात आवळलं तर ते जाम होऊन घसरतं, गाडी शेपूट फिरवते आणि थांबायला जवळपास दुप्पट अंतर घेते. थांबवायचं खरं काम पुढचं चाक करतं. धक्का खाऊन गिऱ्हाईक मान डोलावतं, किक मारतं आणि पहिल्याच खड्ड्याला फक्त पाय दाबतं.

म्हणून वस्तादनं निष्कर्ष काढला की माणसाला समजावण्यात अर्थ नाही, त्याचा पायच सुधारला पाहिजे. पेडल एक, ब्रेक दोन.

पहिला अवतार केबलचा. पेडलला एक कानी वेल्ड केली, तिच्यातून क्लचची वायर पुढं नेऊन डिस्कच्या लिव्हरला अडकवली. पाय दाबला की मागची सळई आणि पुढची वायर एकदम ओढली जाणार. चाचणीसाठी त्यानं फर्स्ट शिफ्ट भरायची वेळ निवडली, कारण तेव्हा बघायला माणसं असतात. एमआयडीसीच्या चौकात डंपरमधून सांडलेली वाळू होती. वस्तादनं वळता वळता, चालण्याच्या वेगात, नुसता पाय टेकवला. पुढचं चाक वळलेलं, खाली वाळू, आणि त्याच चाकाला ब्रेक. गाडी एका अंगावर निजली आणि वस्ताद तिच्या शेजारी. चौकातल्या लोकांनी उठवलं, कुणीतरी म्हणालं, काय राव, हे काय. वस्ताद कपडे झटकत म्हणाला, ‘ब्रेक लागला म्हणून पडलो. नसता लागला तर पडलो असतो का?’

या प्रश्नाचं उत्तर नागापुरात अजून कुणाला देता आलेलं नाही.

दुसरा अवतार तेलाचा. मागं ड्रम होता तो काढून तिथंही डिस्क बसवली, आणि पेडलखालच्या एकाच मास्टर सिलेंडरमधून ‘टी’ टाकून दोन नळ्या काढल्या, एक पुढं, एक मागं. शाळेत शिकलेला पास्कल त्याला आठवला होता: कोंडलेल्या द्रवावर दाब दिला की तो सगळीकडं सारखा पोचतो. पास्कल बरोबरच होता. अडचण अशी की मोटरसायकलच्या छोट्या मास्टरमध्ये दोन कॅलिपरना पुरेल एवढं तेल मावत नव्हतं. पेडल पार खाली टेकायचं तरी गाडी निवांत. मग त्यानं रिक्षाचा मोठा मास्टर बसवला. तेल पुरलं, पण आता पेडल दगडासारखं झालं. पिस्टन मोठा केला की तेवढाच दाब आणायला पाय जास्त जोरानं मारावा लागतो. ब्रेक लावायचा म्हणजे वस्ताद सीटवरून उठून पेडलवर उभा राहायचा. लांबून वाटायचं, कुणाला नमस्कार करतोय.

आणि दाब सगळीकडं सारखा, म्हणून मागचं हलकं चाक सगळ्यात आधी जाम. ज्या दुखण्यासाठी एवढा खटाटोप केला ते तेलातून परत घरी आलं.

तरी तो हेच चालवत राहिला असता. पण जोडणीला जुनाच तांब्याचा वायसर परत लावला होता. नवा किरकोळ पैशांत मिळतो. पण हजारो रुपयांचं सामान घेणाऱ्या माणसाला वायसरला पैसे घालणं अपमान वाटतो. सीनेवरच्या पुलाकडं जाताना तो वायसर गळाला. एका नळीतलं तेल गेलं म्हणजे दोन्ही चाकांचं गेलं, कारण मास्टर एकच. दुचाकीला ब्रेकच्या दोन वेगळ्या यंत्रणा हव्यात, किंवा एक बाजू फुटली तरी दुसरी धरेल अशी वाटणी हवी, हा नियम जगभर याच कारणानं आहे. वस्ताद गिअर खाली टाकत, दोन्ही चपला रस्त्याला घासत एका बांधकामाच्या खडीच्या ढिगात जाऊन थांबला. चपला संपल्या. संध्याकाळी म्हणाला, इंजिन ब्रेकिंगची टेस्ट घेतली.

यानंतर काही दिवस तो मोबाइलवर अभ्यास करत होता. इटलीच्या मोटो गुझीनं १९७५ साली ८५० टी-३ या गाडीवर ब्रेक जोडल्याचं त्याला तिथं सापडलं. त्यांची युक्ती साधी: पुढं दोन डिस्क, पायाचं पेडल मागची एक आणि पुढची एक धरतं, पुढची दुसरी हाताच्या लिव्हरला स्वतंत्र ठेवलेली. पुढं नव्वदच्या दशकात होंडानं तर असं केलं की पुढचा कॅलिपर ब्रेक धरताना चाकाबरोबर किंचित फिरायला बघतो, त्या फिरण्यानं एक छोटा मास्टर दाबला जातो आणि मागच्या चाकाला ब्रेक जातो. हे वाचून माझ्यासारखा माणूस खचला असता. वस्ताद म्हणाला, ‘बघा, त्यांनी बी केलं.’ त्या ‘बी’मध्ये इटली आणि जपान दोघंही नागापूरनंतर उभे होते.

खरा तोडगा मात्र वांबोरीहून आला. वस्तादचे सासरे शेतकरी, लेकीला भेटायला आले होते. जावई शेडातून बाहेर येईना म्हणून तेच आत गेले. वस्तादनं चिडून सांगितलं की मामा, दोन्ही ब्रेक एकदम ओढतो, पण पुढच्याला जास्त आणि मागच्याला कमी असं वाटून देता येत नाही. मामांनी तंबाखू मळत गाडीला एक प्रदक्षिणा घातली.

‘पाव्हणं, एक बैल कमजोर असला तर आपण काय करतो? जुवाची त्याच्याकडची बाजू लांब ठिवतो. वढ दोघं बी लावत्यात, पण ज्याचा त्याचा वाटा ज्याच्या त्याच्या ताकदीनं.’

वस्तादनं त्या रात्री लोखंडी पट्टीची एक आडवी दांडी केली. एका टोकाला मागच्या ब्रेकची सळई, दुसऱ्या टोकाला पुढची केबल, आणि पेडलची ओढ दांडीला मधोमध नाही, पुढच्या ब्रेकच्या बाजूला सरकवून. पुढच्याला ओढ जास्त, मागच्याला कमी. मागचा लायनर झिजला तर दांडी थोडी तिरकी होते, वाटा तोच राहतो. ड्रमही परत आला, रिक्षाचा मास्टर भंगारात गेला. कोरड्या सरळ रस्त्यावर गाडी अशी थांबू लागली की मागं बसलेल्याचं नाक वस्तादच्या मानेत. हाताचा लिव्हरही पुढच्या चाकासाठी वेगळा ठेवला होता, तेवढी अक्कल खडीच्या ढिगानं दिली होती.

मामांचं नाव या संशोधनात कुठंही घेतलं जात नाही. सासऱ्याकडून हुंडा घेऊ नये असं वस्ताद मानतो; कल्पना घेतली तर ती हिशोबात धरत नाही.

आता उरली होती वाळू. हळू वेगात, वळताना पुढचा ब्रेक एवढ्या लवकर लागता कामा नये. आधी मागचा, मग जोर वाढला की पुढचा, हे कसं साधायचं यावर तो शेडाच्या दारात डोकं धरून बसला होता, आणि समोर वहिनींची, म्हणजे त्याच्या बायकोची, ॲक्टिव्हा उभी होती. डाव्या हाताचा लिव्हर दाबला की दोन्ही चाकांना ब्रेक. मधे एक दांडी, आणि पुढच्याला जरा थोपवून धरणारी एक स्प्रिंग. होंडानं ॲक्टिव्हाला ही सोय २००९ साली दिली. १ एप्रिल २०१९ पासून तर १२५ सीसीपर्यंतच्या प्रत्येक नव्या दुचाकीला जोडलेला ब्रेक किंवा चाक जाम होऊ न देणारं एबीएस कायद्यानंच सक्तीचं झालं, त्यावरच्यांना एबीएस. जोडलेल्या ब्रेकला होंडा कॉम्बी म्हणते, टीव्हीएस सिंक, हिरो इंटिग्रेटेड, यामाहा युनिफाइड. वहिनी रोज भाजी आणि पोरं घेऊन त्याच्यावर थांबत होत्या आणि त्यांना त्याचं काडीचं कौतुक नव्हतं.

दुसरा कुणी असता तर शेड बंद करून देवदर्शनाला गेला असता. वस्तादचा चेहरा उजळला. ‘म्हणजे आपलं डिझाईन बरोबर होतं!’ आणि लगेच, ‘यांची स्प्रिंग जरा कडक वाटती.’ तो पाना घेऊन उठेपर्यंत वहिनींनी चावी काढून घेतली. ‘आधी तुमच्या गाडीला हॉर्न बसवा. मग माझ्याकडं या.’ हॉर्न खरोखरच नव्हता. वस्तादच्या मते हॉर्न लागतो तो ब्रेक नसणाऱ्यांना.

कायद्याचं म्हणाल तर तो त्याच्या बाजूनं नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की कंपनीनं नोंदवलेल्या तपशिलापेक्षा गाडीत वेगळा बदल करायचा नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तेच ठासून सांगितलं. वस्तादला हे पाठ आहे. तो म्हणतो, बदल करायला बंदी आहे, सुधारणेला नाही. हा युक्तिवाद आरटीओत करून बघायला मात्र तो अजून गेलेला नाही, आणि एमएच-१६ ची ती गाडी दिवसाउजेडी मनमाड रोडला दिसत नाही. यात शहाणपण आहे असं मला वाटतं. कोरड्या डांबरावर एका माणसासाठी जमवलेला वाटा पावसात, वांबोरीच्या घाटात, मागं बायको आणि पुढं गोणी असताना तसाच राहत नाही, आणि कंपन्या ज्या हजारो चाचण्या घेतात त्या शेडात होत नाहीत. मी त्या गाडीवर घाटात बसणार नाही. सपाटीलाही विचार करीन.

सध्या भंगारातून आणलेली एबीएसची एक दातेरी रिंग शेडाच्या खिळ्याला टांगलेली आहे आणि वस्ताद तिच्याकडं बघत जेवतो.

नागापुरात तुमची गाडी अडली तर त्याच्याकडं जरूर जा. पंक्चर, प्लग, तुटलेली क्लचवायर, यात त्याच्यासारखा हात मनमाडपर्यंत मिळायचा नाही, आणि पैसे द्यायला गेलात तर रागावेल. एवढंच करा: काम चालू असताना चहाला जाऊ नका, गाडीजवळ उभे राहा, आणि ‘अजून काही करता येईल का हो हिच्यात?’ हा प्रश्न चुकूनही विचारू नका.